ज्यानं लाईन घेतली त्यानं

बाबा, कॉलेजात फी भरायच्या खिडकीसमोर मी एका पोराच्या कानफटात मारली, त्या मिनिटाला माझं सगळं फिरलं. तुम्ही जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आता बारा होतील. बाप नव्हता म्हणून पोरगं वाया गेलं, असं चिखलीतले लोक आईसमोर म्हणतात आणि आई मान हलवते. तसं काही नाही बाबा. मी वाया गेलो तो त्या खिडकीसमोर, आणि तेही लाईनीत सरळ उभा असताना.

फी भरायचा शेवटचा दिवस होता. दोन खिडक्यांपैकी एकच उघडी, आणि लाईन पार सायकल स्टँडपर्यंत गेलेली. माझ्या पुढं दोघं, त्यांच्या पुढं ती. ती म्हणजे आता तुम्हाला काय सांगू. आपल्या मागच्या गल्लीतल्या, शाळेत क्लार्क असलेल्या काकांची मुलगी, माझ्याच वर्गातली. मी सेकंड इयरला रोज कॉलेजात कशासाठी जायचो हे विचारलं तर खरं उत्तर एवढंच. तिचा नंबर आला आणि शेवटच्या वर्षाच्या एका दांडग्या पोरानं तिच्या खांद्यावरून हात घालून आपली पावती खिडकीत सारली. ती म्हणाली, "भाऊ, लाईन हाये." त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी मागून ओरडलो, "ए, मागं जाय ना बे." तर तो माझ्याकडं वळून म्हणतो, "काऊन? तुह्या बापाची लाईन हाये काय?"

हे वाक्य आपल्याकडं दिवसातून शंभर वेळा कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणत असतं. एसटीत, रेशनच्या दुकानात, पाण्याच्या टँकरवर. ऐकायचं, एक शिवी घालायची, सोडून द्यायचं. माझ्याच्यानं सुटलं नाही. त्याचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, भिवई फुटली, पावतीवर रक्त सांडलं. तिनं वळून पाहिलं, आणि मूर्खासारखं मला वाटलं की ती माझ्यावर खूश झाली असेल.

प्रिन्सिपॉल तसे वाईट नव्हते. समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, माफीच्या तीन लाईनी लिही, सही कर आणि वर्गात जा, मी मिटवतो. मी म्हटलं, आधी त्याला लिहायला लावा. ते म्हणाले, लाईनीवर ये, नाहीतर अवघड होईल. मी खुर्ची ढकलून बाहेर आलो. सायकल स्टँडपाशी ती उभी होती.

"मी तुले सांगतलं होतं काय माराले?"

"त्यानं बापावरून काढलं."

"त्याले काय मालूम तुले बाप नाही म्हणून! लिहून दे ना तीन लाईनी. हात झिजते काय तुह्या?"

मी लिहून दिलं नाही. उद्या देऊ, परवा देऊ करत महिना गेला, मग परीक्षेचे फॉर्म निघून गेले, आणि त्या कॉलेजच्या फाटकात मी परत पाय ठेवला नाही. तीन लाईनी, बाबा. आज तुम्हाला पानंच्या पानं लिहितोय.

ह्या शब्दाचा विचार मी हल्ली फार करतो. दुसरा धंदाच नसल्यासारखा. हा शब्द आपल्या घरात तुम्ही आणला. चिखलीच्या घरी आम्ही तुमच्यानंतर परत आलो; त्याआधी मोताळ्याला आपण क्वार्टरमध्ये राहायचो, तुम्ही लाईनमन. वीज गेली की लोक 'लाईन गेली' म्हणत आपल्या दारात यायचे, भर जेवणात. आई म्हणायची, "लाईन गेली का आपल्या घरी अर्धं गाव येते, आली का कुत्रं फिरकत नाही." मी पाचवीत असताना इंग्रजीच्या सरांनी एक शब्द घेऊन त्याचे जमतील तितके अर्थ लिहून आणायला सांगितलं होतं. आई भाकरी थापत होती. तुम्ही आंघोळ करून ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता आणि चहाचा कप खाली ठेवून मला म्हणालात, "लाईन घे. फुकट मिळते." मग बोटांवर मोजायला लागलात. खांबावरची तार, ती लाईन. तिकिटाले उभे राहतात, ती लाईन. आपण राहतो ती क्वार्टरची लाईन. पोलीस राहतात ती पोलीस लाईन. शेगावच्या स्टेशनावरून नागपूरले जाते ती रेल्वेची लाईन. फोन लागत नाही तेव्हा लाईन बिझी. वहीवर आखलेली असते ती. कोणी काय काम करते ते विचारायचं तर कोणत्या लाईनीत हाये. आई तव्याकडं पाहत म्हणाली, "अन् तुमच्या बहिणीचा पोरगा लाईनीवर येऊन नाही राह्यला, ते कोणती?" तुम्हाला ठसका लागला. मग मला वाटलं आपणही एक भर घालावी. मी म्हटलं, मोठे पोट्टे पोरींना लाईन मारतात. आईनं चिमटा उगारला आणि तुम्ही हसता हसता मागं भिंतीला टेकलात. शेवटी डोळे पुसत म्हणालात, "इंग्रजाचा शब्द हाये, पण आपल्याकडं येऊन पार कामाले लागला बिचारा."

सरांनी माझ्या वहीत त्यातले चार खोडले. तो राग मला अजून आहे.

पण जे काम तुम्ही रोज करायचात, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंच नव्हतं. लाईन घेणं. ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं, गव्हाच्या पहिल्या पाण्याच्या वेळी. रविवार होता आणि मी हट्ट करून तुमच्या गाडीवर मागं बसलो होतो. गावाबाहेरच्या सबस्टेशनमध्ये तुम्ही रजिस्टरवर सही केली, ऑपरेटर काकांनी शेतांकडं वीज नेणारा फिडर बंद करून कुलूप घातलं. तुम्ही मला म्हणालात, "लाईन घेतली, चाल." मी विचारलं, घेतली म्हणजे? तुम्ही म्हणालात, म्हणजे आता ती माह्या नावावर हाये.

मला तुम्ही एका कडुलिंबाखाली पिशवीपाशी बसवलं. तुमचा फोन त्याच पिशवीत होता. तुम्ही खांबावर चढला, तारांवर अर्थिंगची साखळी टाकली, बराच वेळ काहीतरी आवळत राहिला. मग उतरलात, हात पुसलेत. बांधावर तीन-चार जण पाण्यासाठी खोळंबले होते. त्यातला एक मला म्हणाला, "उतरला ना तुह्या बाप? मंग जाय ना पळत, सांग ऑपरेटरले लाईन सोड म्हणून. शाना हायेस तू." मला शाना व्हायचं होतं. मी पळत सुटलो. बाभळींच्या मागं आणखी एक खांब आहे आणि तुम्ही साखळी खांद्यावर घेऊन तिकडं निघालात, हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी कळलं नसतं.

ऑपरेटर काका डबा सोडत होते. मी धापा टाकत म्हटलं, बाबाचं काम झालं, लाईन सोडा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बापानं सांगतलं काय तुले?"

मी हो म्हटलं. खोटं.

"मंग येईन ना तो. येऊन सही करीन. तू पाणी पेय."

मागून शेतकरी आलेच होते. ते तापले. "पोरगं सांगून राह्यलं ना बाप्पा! त्याच्याच बापाचं काम हाये अन् तुमाले इश्वास नाही?" काकांनी कुलपाची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि भाकरी मोडली. तुम्ही आलात तेव्हा तासभर होऊन गेला होता. मी फाटकापाशी उभा होतो, शाबासकी मिळेल म्हणून.

तुम्ही मारलं नाही. मारायला पाहिजे होतं. घरी येऊन स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागं बसलात, पाणी मागितलं, एक तांब्या प्यालात, परत मागितलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणालात, "मी अजून वरतीच होतो बे." आईचा हात तिथंच थांबला. जेवणं झाल्यावर मला समोर बसवून सावकाश बोललात, लहान मुलाशी बोलतात तसं नाही, हाताखालच्या माणसाशी बोलतात तसं. "लाईन ज्यानं घेतली त्यानंच वापस करायची. पोरगा नाही, बायको नाही, साहेब आला तरी नाही. त्यानं सोताच्या पायानं जायचं अन् सोताच्या हातानं सही करायची. दुसऱ्याच्या तोंडानं लाईन सुटत नसते."

मला वाटलं होतं ते फक्त विजेचं असतं.

पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. काविळीनं, आठ दिवसांत. पण लाईनमन गेला म्हटलं की लोक विचारतात, लाईनवर गेले का हो? आणि मी कधीकधी हो म्हणतो. रागावू नका. काविळीपेक्षा ते बरं ऐकू येतं.

आता मीही त्याच लाईनीत आहे. ऐकायला बरं वाटतं ना? पण तुमची लाईन वेगळी आणि माझी वेगळी. तुमच्या जागेवर घ्यायच्या अनुकंपाच्या यादीत माझं नाव आहे, ती यादी ही एक अशी लाईन आहे की पुढचा माणूस हलतच नाही. कॉलेज सुटल्यावर एका ठेकेदाराकडं लागलो. खांबावर मी चढतो, उन्हात मी भाजतो, तुमचीच पक्कड माझ्या कमरेला असते. पण लाईन माझ्या नावावर मिळत नाही. रजिस्टरवर सही पर्मनंट माणसाची. तो खाली गाडीवर बसून मोबाईल पाहतो आणि मी वर. बाबा, तारेला हात लावायची परवानगी आहे, सहीची नाही.

तिनं मला ह्यावरून कधी कमी लेखलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण मी दोस्तांना उलटं सांगत फिरलो आहे. कॉलेज सुटल्यावरही आम्ही भेटायचो, म्हणजे दिसायचो. दोस्त म्हणायचे, तू तिले लाईन मारतं, ती तुले लाईन देते, झालं तर मंग. मी त्यांच्या अंगावर जायचो. सगळे अर्थ मला चालत होते, तिच्या बाबतीत तो नको वाटायचा. तिच्याबरोबर सलग सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो शेगावला, दर्शनाच्या रांगेत. ती मावशीबरोबर आली होती आणि मी अर्थातच योगायोगानं. बायकांची रांग शेजारून, मध्ये स्टीलचा पाईप. दोन तास. मावशी नाम घेत होती, आणि आम्ही पुढं पाहत, ओठ न हलवता बोलत होतो. मी म्हटलं, सरकूनच नाही राह्यली लाईन. ती म्हणाली, "तुले कुठी जायचं हाये? नाहीतरी कॉलेज तं सोडलंस." मी चिडलो. मग ती पाईपावर बोट टेकवून हळूच म्हणाली, "चिडतं काऊन? मले बी कुठी जायचं नाही." त्या दिवशी पुढं मंदिरात मी काय मागितलं ते तुम्हाला सांगायला नको.

मग ह्या वर्षी तिला पाहायला लोक यायला लागले. पहिलं स्थळ तिनं तब्येतीचं कारण सांगून परतवलं, दुसरं पत्रिकेवरून गेलं. मग एक दिवस बसस्टँडमागच्या झेरॉक्सच्या दुकानात मला गाठलं. समोर दुकानदार, म्हणून हातातल्या कागदांकडं पाहत बोलली.

"रविवारी चार वाजता घरी ये. बाबा घरीच राह्यतात."

"अन् काय करू?"

"बस. चहा पेय. सांग का मले तुमची पोरगी पाह्यजे. एवढंच. बाकी माह्यं मी पाह्यतो."

"दोस्ताले आणू संगं? नाहीतर आईले?"

"कोनाले नको आणू. आई मागून येतीन. पह्यले तू ये. तुह्या तोंडानं सांग." मग पहिल्यांदा मान वर केली. "अन् भांडू नको बाप्पा. ते काही बी बोलले तरी भांडू नको."

मी शनिवारी केस कापले. इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर टांगून ठेवला. रविवारी सकाळी सहाला ठेकेदाराचा फोन, पलीकडच्या एका गावाबाहेर अकरा केव्हीची तार तुटून शेतात पडली आहे. गेलो. त्या पर्मनंट माणसानं लाईन घेतली, मी चढलो.

आणि दुपारी साडेतीनला मी माझ्या दोस्ताला फोन करून सांगितलं, तिच्या घरी जा आणि सांग की लाईन तुटली आहे, तो खांबावर अडकला आहे, पुढच्या रविवारी येईल. तो बिचारा गेला. ती फाटकातच उभी होती म्हणे, नवा ड्रेस घालून. मागं ओट्यावर तिचे बाबा पेपर घेऊन बसले होते. दोस्तानं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "त्यानं सांगतलं काय तुले असं सांगाले?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "बरं. मंग येऊ दे त्याले." आणि फाटकाची कडी घातली.

दोस्तानं हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "पोरगी लय अकडू हाये बे तुह्यी." माझं डोकं फिरलं, मी म्हटलं, हो, अकडच आहे. इथं माणूस जिवावर उदार होऊन खांबावर आणि हिला चहाच्या वेळेची पडली आहे. तिनं फोन करावा म्हणून मी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी आला. तिनं दोनच शब्द सांगितले, "तू ये." मी म्हटलं, तू त्याच्याशी असं काऊन बोललीस? तिनं ठेवून दिला. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. का जायचं? तिसऱ्या रविवारी जालन्याकडचे लोक आले, मुलगा बँकेत. ती काही बोलली नाही. तिनं बोलायचं ते माझ्याशी बोलून झालं होतं, आणि वाट पाहायची तीही पाहून झाली होती.

आज तिचं लग्न आहे. साडेबाराचा मुहूर्त, मोठ्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. गल्लीतल्या सगळ्यांना पत्रिका आहे, आपल्यालाही आहे, तिचे बाबा स्वतः देऊन गेले. मी घरीच होतो. त्यांनी माझ्याशी बोलायचं म्हणून विचारलं, "काय रे, आजकाल कोणत्या लाईनीत आहेस?" अगदी सहज, पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता. मी म्हटलं, लाईटच्या, काका. ते म्हणाले, "वा, बापाच्याच. चांगला माणूस होता तो." आणि पुढच्या घरी गेले. एवढंच. ह्या एका प्रश्नाची मी चार महिने उत्तरं पाठ केली होती बाबा, आरशासमोर, खांबावर, गाडी चालवताना. कंत्राटी म्हणायचं की नाही. पगार किती सांगायचा. कॉलेज का सोडलं विचारलं तर काय. ते काहीच विचारणार नव्हते बहुतेक.

दोस्त काल म्हणत होता, तुह्याच हातात हाये ना भाऊ, कार्यालयाचा फ्यूज काढून ठेव दोन तास, होऊ दे बोंबाबोंब. मी हसलो नाही आणि त्याला मारलंही नाही. मारण्याइतकं माझ्यात काही उरलेलं नाही. आई सकाळपासून तीन वेळा डोकावून गेली. तिला किती माहीत आहे ते मला माहीत नाही. हिरवी साडी नेसून बाहेर ओट्यावर बसली आहे. आत्ता परत हाक मारली, "चालतं ना रे? अक्षदा पडून जातीन, मंग काय नुसतं जेवाले जायचं लोकायच्या घरी?" मी म्हटलं, तू रिक्षानं जा ना. ती म्हणाली, "गल्लीतले समदे येऊन राह्यले. तूच नाही आला तं लोकं तिलेच नावं ठेवतीन." म्हणजे तिला माहीत आहे.

जावं लागेल. समोर उभं राहून अक्षदा टाकाव्या लागतील, आणि त्या तिच्या अंगावर पडतील. मग पंगतीत बसायचं, कोणीतरी आग्रह करेल, एक जिलबी घ्यायची. ती माझ्याकडं पाहणार नाही, आणि पाहिलं तर ते आणखी वाईट.

एक गोष्ट राहिली. ती मी दोस्ताला सांगितली नाही, आईला नाही, तिला तर नाहीच. त्या रविवारी काम अकरालाच संपलं होतं. अकरा वाजता त्या पर्मनंट माणसानं सही केली, लाईन चालू झाली, तो घरी गेला. मी संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत त्या शेताच्या बांधावर बसून होतो. गाडी बाजूला उभी होती, पेट्रोल होतं, चिखली वीस मिनिटांवर होती. राग वगैरे काही नव्हता तेव्हा. राग मी नंतर आणला. मला भीती वाटत होती, बाबा, नुसती भीती.

आईनं चपला घातल्या, आवाज आला. वही गादीवर तशीच ठेवतो. तिला घेऊन निघतो, आणि बाहेरून दार लावतो.